धाग्यातला केस

गुणाबाईला सुतात पहिला केस दिसला तो दिवाळी सरल्यावर, धानाच्या कापणीच्या दिवसांत. सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. उकळलेल्या कोशांची परडी पुढ्यात होती, लुगडं गुडघ्याच्या वर सारलेलं होतं आणि मांडीला राखेचा हात लावलेला होता. पाच कोशांचे पाच तंतू एकत्र ओढून ती मांडीवर तळहातानं वळत होती आणि वळलेला धागा फिरकीवर चढवत होती. त्या मधाच्या रंगाच्या धाग्यात एकाएकी काळा, वाकडा, बारीक केस दिसला. तिनं तो चिमटीत धरून ओढला. धागा तुटला, पण केस काही हातात आला नाही.

तिनं टोकं जोडली. चार विती धागा निघाला की पुन्हा केस.

"कमळे!"

धाकटी जाऊ मागच्या सांदवाडीतून, परसातून, धावत आली. हातांना शेण होतं.

"डोक्याले फडकं काऊन नाई बांधलं तू? सारे केस कोशात पडून राह्यले."

"मी तं सकाळपासून परडीजवळ आलीच नाई, बाई."

"मंग काय कोशातल्या किड्याले वेणी होती?"

कमळाला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. तेच गुणाबाईला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून कमळा डोकं कपड्यानं गच्च आवळून कामाला बसू लागली. तरी केस होतेच.

सावली गावच्या कोष्टीपुऱ्यात तेव्हा घरोघरी मागाची खटखट असायची. वैनगंगेपलीकडच्या जंगलातून ढिवर लोक ऐनाच्या झाडावरचे रेशमाचे कोसे आणायचे. नूर मोहम्मद ते विकत घ्यायचा, घरोघरी द्यायचा, आणि विणलेलं कापड नागपूरला न्यायचा. बाया सूत काढायच्या, बाप्ये विणायचे. गुणाबाईचा नवरा सोमाजी मागावर बसला की बोलायचा नाही. त्याचं बोलणं जे काही व्हायचं ते धोट्याचं. धाकटा दीर लटारू दुसऱ्या मागावर असायचा. मूलबाळ दोन्ही जावांना नव्हतं, आणि सासू जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. घरात थोरली म्हणजे गुणाबाई, आणि सूत म्हणजे गुणाबाईचं, असं सारा पुरा धरून चालला होता.

चार वर्षांपूर्वी आरमोरीहून कमळा लग्न करून आली. चौथी पास. डावखुरी. पहिल्या दिवशी तिनं डाव्या हातानं वरण वाढलं, तेव्हा गुणाबाईनं साऱ्या पंगतीदेखत तिच्या हातातली पळी काढून घेतली होती. "उलट्या हाताची आणली सून," असं ती पाण्यावर गेली की सांगायची. ती उलट्या हाताची पोर उजव्या मांडीवर डाव्या तळहातानं सूत वळायची, तेही सगळ्यांपासून दूर, मागच्या पडवीत. गुणाबाईनंच तिला तिथं बसवलं होतं. कमळाचं सूत लटारूच्या मागावर जायचं, आणि कोणी त्याकडं पाहत नसे.

यंदा दिवाळीनंतर महिन्याभरानं आलेल्या नूर मोहम्मदनं मात्र पाहिलं. दरवर्षी तो ओसरीवर बसून गुणाबाईची लडी बोटांतून फिरवायचा आणि म्हणायचा, "वा, भाभी! पानी है पानी!" यंदा त्यानं तिची लडी फिरवली. बोट एका गाठीवर थांबलं, मग दुसरीवर. शेजारची लडी उचलून त्यानं ती कानाजवळ नेली, जणू काही ऐकतो आहे.

"आणि हे कोणाचं सूत व्हय?"

"धाकटीचं," लटारू म्हणाला.

"पानी है," नूर मोहम्मद म्हणाला.

हे दोन शब्द गुणाबाईच्या काळजात जाऊन बसले. एकोणीस वर्षं जे शब्द तिचे होते ते त्यानं उचलून असे दुसरीच्या ओंजळीत टाकले! त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि पाणी मात्र तीन तांबे गेलं.

पाण्याचं वेगळंच सुरू होतं. सकाळी भरलेला माठ दुपारपर्यंत तळाला जायचा. "एवढं पाणी कोण पिते घरात?" असं ती कमळालाच विचारायची. पाणी पिऊन पिऊन उठावं लागे, आणि न्हाणीच्या मोरीत हल्ली मुंग्यांची रांगच्या रांग लागायची. काळ्या मुंग्या, लाल मुंग्या, सकाळी पाहावं तर दगड हलतो आहे असं वाटावं.

"गूळ खाते अन् हात धुते मोरीत," गुणाबाईनं निदान केलं. "चोरून खाते माय! आरमोरीत काय खायाले भेटत नव्हतं का तुले?"

"बाई, शप्पथ घ्या. गुळाचं भांडं तुमच्या शिक्यावर हाय."

गुळाचं भांडं खरंच गुणाबाईच्या शिक्यावर होतं, आणि त्यातला खडा रोज दुपारी तिच्याच तोंडात जात होता. पण तेवढा हिशेब त्या वेळी तिच्या मनाला शिवला नाही. लुगड्याचा फेर कमरेला दीड वेढा जास्त बसू लागला होता. पाण्यावरच्या बाया आपसांत म्हणत, "धाकटीवर जळते थोरली. जळून जळून, पाह्य, कशी वाळली." गुणाबाईच्या कानावर ते आलं. तिलाही ते खरंच वाटलं. फक्त तिच्या मते जळवणारी कमळा होती.

शिवरात्र जवळ येत होती. कोष्टीपुऱ्यात तलावाच्या पाळीवर महादेवाचं लहानसं देऊळ होतं. शिवरात्रीला देवाला नवा कोशाचा शेला चढवायचा मान सोमाजीच्या घराकडं होता. सूत घरातल्या थोरल्या बाईनं काढायचं, शेला घडी करून तिनंच उंबऱ्याशी न्यायचा. तिथं पंचातला सगळ्यात वयस्कर कोष्टी विचारायचा, "सूत कोणाच्या हातचं?" आणि जिच्या हातचं असेल तिनं देवासमोर मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. एरवी नवऱ्यासमोर पुरं वाक्य न बोलणाऱ्या बायांच्या आयुष्यात आपलं नाव असं सगळ्यांदेखत उच्चारायची ही एकच वेळ. गुणाबाईनं ते एकोणीस वेळा उच्चारलं होतं. पहिल्या वर्षी तिचा आवाज निघाला नव्हता. पुढं पुढं तो तलावाच्या त्या काठापर्यंत जायला लागला.

आणि यंदा सुतात केस.

संक्रांतीला पुऱ्यातल्या बाया बंड्या जुंपून वैनगंगेवर आंघोळीला गेल्या. सकाळचं नितळ ऊन होतं आणि वाळूचं पांढरं पात्र नजर पोचेल तिथवर पसरलं होतं. गुणाबाई ओल्या लुगड्यानं वाळूत उभी राहिली आणि तिला समोर वाळूवर केस दिसला. तोच. वाकडा, काळा. ती वाकली. केस खाली सरकला. तिनं डावीकडं पाहिलं, केस डावीकडं आला. वर आभाळाकडं पाहिलं, तर तो निळ्या आभाळात हळूहळू उतरू लागला, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखा. त्याच्याभोवती राईएवढे दोन-तीन ठिपकेही होते.

उजवा डोळा झाकला. केस गेला. उघडला. केस आला.

बाया तिळगूळ वाटत होत्या. कमळा तिच्याकडं आली, वाकून पाया पडली. "बाई, तिळगूळ घ्या, गोड बोला."

गुणाबाईनं तिळगूळ घेतला आणि पुन्हा एकदा उजवा डोळा झाकून पाहिला. केस सुतात नव्हता, परडीत नव्हता, कमळाच्या डोक्यावरूनही आलेला नव्हता. दोन महिने ती कोऱ्या सुतातून आपल्याच डोळ्यातला केस उपटत होती आणि नसलेल्या केसापायी असलेला धागा तोडत होती. नूर मोहम्मदच्या बोटाला लागल्या त्या गाठी तिथूनच आल्या होत्या.

हे सांगावं कोणाला? सांगितलं की लटारू म्हणणार, मग देवाचं सूत कमळा काढेल. सोमाजी मान हलवणार. आणि ती चौथी पास, उलट्या हाताची पोर उंबऱ्याशी उभी राहून म्हणणार, 'कमळा.' तो आवाज गुणाबाईला वाळूवरच ऐकू आला. तिनं तोंड मिटून ठेवलं.

पंधरा दिवस तिनं चाचपून सूत काढलं. सकाळी जरा बरं दिसायचं, दुपारी जेवल्यावर सगळं धुरकट व्हायचं. पाच तंतूंतला एक सुटला तर कळायचा नाही, आणि धागा मध्येच पातळ पडायचा. असं सूत देवाच्या मागावर लावणं म्हणजे सोमाजीच्या तोंडून पहिल्यांदा काहीतरी ऐकून घेणं. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावायचा दिवस उद्यावर आला. त्या दुपारी कमळा पाण्यावर गेली असता गुणाबाई मागच्या पडवीत गेली, खुंटीवरच्या चार लड्या उचलल्या, आपल्या परडीत ठेवल्या, आणि आपल्या चार तिथं टांगल्या. जन्मात परक्याची वाल पापडी न तोडलेली बाई ती. पण मनात एकच होतं, घरातलंच तर सूत. माझ्या परडीतलं ते माझं.

सोमाजीनं ताणा लावला. पहिल्या दोन विती विणून झाल्या तशी त्यानं धोटा थांबवला, कापडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सूत चांगलं हाय."

वीस वर्षांच्या संसारात त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते कमळाच्या सुताला! गुणाबाईला वाटलं, आपल्याच ताटात कोणी आपल्याला दुसऱ्याचं उष्टं वाढलं आणि वर विचारलं, गोड आहे का?

कमळा मागाजवळ आली. कापडाकडं बघितलं, गुणाबाईकडं बघितलं. मग घागर उचलून बाहेर गेली. भांडली नाही, रडली नाही, कोणाला सांगितलंही नाही. त्या गप्प राहण्याचा गुणाबाईला इतका संताप आला, की संध्याकाळी तिनं भात करपला म्हणून तिला शिव्या दिल्या. भात करपला नव्हता.

मोरीतल्या मुंग्या शेवटी रशिदानं पाहिल्या. नूर मोहम्मदची ही बायको जुन्या चिंध्या मागायला आली होती. हात धुवायला मोरीशी गेली, आणि तिथंच थबकली.

"ह्या मुंग्या कवापासून लागून राह्यल्या, गुणाबाई?"

"कमळीले विचार. गूळ सांडते."

"गूळ नव्हे बाई तो. माह्या सासऱ्याले अश्याच लागत होत्या. शक्करची बिमारी. लघवीत साखर जाते, मुंग्या तिच्यावर येते." तिनं गुणाबाईचं मनगट धरलं, त्यावरची ढिली बांगडी कोपरापर्यंत सरकवून पाहिली. "डोळ्यापुढं काही दिसते का? त्यायले मच्छर दिसत होते. आम्ही हसत होतो. मंग एक दिवस काहीच दिसेना."

तिथंच, मोरीच्या दगडावर बसून गुणाबाईनं पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. "मच्छर नाई व. केस."

सोमाजीनं दुसऱ्याच दिवशी माग थांबवला. मूल गावापर्यंत बैलबंडी, तिथून छोट्या आगगाडीनं चांद्याला. आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा तीन महिने झाले होते, आणि डब्यातले लोक त्यावरच वाद घालत होते. गुणाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. केस पळसाच्या झाडांवरून पळत होता.

डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात उकळली. निळं औषध विटेसारखं लाल झालं. मग डोळ्यांत थेंब घालून तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि बारीक दिव्यातून कितीतरी वेळ आत पाहिलं.

"डोळ्याच्या मागं एक पडदा असतो, बाई. तुमच्या साखरेनं त्यातल्या बारीक नसा कमजोर झाल्यात. लाल ठिपके दिसताहेत. उजव्या डोळ्यात एक नस जराशी झिरपली, तोच तुमचा केस."

"निघंल का थो?"

"कदाचित विरेल, कदाचित राहील. त्याच्यावर औषध नाही, मी खोटं सांगणार नाही. पण अजून नजर बरीच आहे. साखर उतरवली तर ती पुष्कळ वर्षं सांभाळता येईल. नाही उतरवली तर असे केस वाढतील, आणि एक दिवस पडदाच पडेल." त्यांनी निळ्या औषधाची बाटली दिली, नळी दिली, आणि कागदावर लिहून दिलं. "भात मूठभर. गूळ, साखर बंद. रोज सकाळी तपासायचं. निळं राहिलं तर छान, मग हिरवं, पिवळं, आणि लाल म्हणजे वाईट. महिन्यानं या. लाल उतरलं नाही तर रोज सुई घ्यावी लागेल. घरात वाचणारं कोण आहे?"

सोमाजी म्हणाला, "धाकट्या भावाची बायको."

घरी आल्यावर कमळानं कागद वाचला. दुसऱ्या सकाळपासून नळी चिमट्यात धरून चुलीवर उकळायचं कामही तिच्याकडं आलं. आणि वाढणंही. साऱ्यांच्या ताटात भाताचे ढीग, गुणाबाईच्या ताटात ज्वारीची भाकर आणि कडेला मूठभर भात. धानाच्या झाडीपट्टीतल्या माणसाला भात नाही म्हणजे जेवण नाही.

"कोणता रंग?" गुणाबाई विचारायची.

"लालच हाय, बाई."

चार दिवस लाल. पाचव्या दिवशी गुणाबाई ती नळी पदराखाली लपवून नूर मोहम्मदच्या घरी घेऊन गेली.

"रशिदा, पाह्य बरं. लाल हाय का हे? का आमची कमळी मले भातापासून तोडून राह्यली?"

रशिदानं नळी उजेडात धरली. "लाल कुठी? पिवळं हाय."

"पाह्य! खोटं बोलते ना!"

"अव बाई, सकाळी ताजं असन तवा लाल असन. थंडं झालं, रंग खाली बसला. घरी जाऊन उलटी करून पाह्य नळी." मग ती हसायला लागली. "अन् एक सांग, भांड्यातला गूळ कमी होते का अजून?"

गुणाबाईनं नळी पदराखाली घेतली आणि घरची वाट धरली. गूळ होत होता कमी. दुपारी, सगळे निजले की. एकच खडा. वाटेत तिनं नळी हलवली. तळाशी बसलेली लाली पुन्हा सगळीकडं पसरली. त्या दुपारी तिनं शिक्यावरचं भांडं काढलं आणि कमळाच्या हातात दिलं. "तुह्या खोलीत ठेव. अन् मी मागितलं तरी देऊ नको." सांगताना आवाज मात्र असा होता, जणू गूळ कमळाच खात होती.

आठ दिवसांनी नळी पिवळी झाली. शिवरात्रीच्या चार दिवस आधी हिरवट.

शेला मागावरून उतरला. टोकाच्या दशा वळायला म्हणून गुणाबाईनं काठाचे सुटे धागे हातात घेतले. बघायची गरज नव्हती. वीस वर्षं मांडी हेच करत आली होती. तिनं दोन धागे एकत्र घेतले, मांडीवर ठेवले, तळहात फिरवला. धागा वळण्याऐवजी उलगडला. पुन्हा फिरवला. सगळे तंतू सुटून मांडीवर मोकळे पडले.

तिनं ते तंतू बोटांनी चाचपले. उजव्या मांडीवर डाव्या हातानं वळलेलं सूत. त्याचा पीळ उलटा. साऱ्या सावली गावात असं सूत एकाच बाईचं. डोळे धड असते तर लडी उचलतानाच दिसलं असतं. तिला दिसलं नाही, म्हणून तिला वाटलं कोणालाच दिसणार नाही. आणि सोमाजी! चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस. पहिलाच धागा बोटाला लागला तेव्हाच त्याला कळलं होतं. 'सूत चांगलं हाय' हे त्यानं सारं कळून म्हटलं होतं. लटारूला कळलं असणार. आता उद्या भैयाजीही शेल्यावरून अंगठा फिरवणार. पुऱ्यात सगळ्यात म्हातारा कोष्टी. त्याला डोळे नव्हतेच, त्याचं सगळं बोटांत होतं.

शिवरात्रीला तलावाच्या पाळीवर सारा पुरा जमला. गुणाबाई दोन्ही हातांवर शेला घेऊन उंबऱ्याशी गेली. मागे बायांत कमळा उभी होती, मान खाली. भैयाजीनं शेल्यावर अंगठा ठेवला. अंगठा थोडा पुढं गेला, थांबला, पुन्हा मागं आला. म्हाताऱ्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. त्यानं दरवर्षीच्याच आवाजात विचारलं,

"सूत कोणाच्या हातचं?"

गुणाबाईच्या ओठांवर तिचं नाव आलं होतं. एकोणीस वर्षांच्या सवयीनं ते आपलं आपणच निघालं असतं. म्हाताऱ्यानं ते चालवूनही घेतलं असतं. सगळ्यांनीच घेतलं असतं, जसं सोमाजीनं घेतलं, जसं कमळानं घेतलं. आणि मग जन्मभर सगळे तिला सांभाळून घेत राहिले असते. त्या कल्पनेनं तिला कमळाच्या नावाहूनही जास्त भाजलं.

"कमळाचं," ती म्हणाली. आवाज तलावाच्या त्या काठापर्यंत गेला. "माह्या धाकट्या जावेचं. माह्या डोळ्याले आता तंतू दिसत नाई."

कुजबुज उठली. कोणीतरी म्हणालं, "थोरलीच्या हातचं पाहिजे ना पण."

गुणाबाई गर्रकन वळली. "कोसे कोणं उकळले? राखेचं पाणी कोणं धरलं? कच्चं राह्यलं असतं तं काढलं असतं का तिनं पाण्यासारखं सूत? रांधलं मी, वाढलं तिनं. देवाचं जेवण झाल्याशी मतलब."

भैयाजी खुदकन हसला. "चाल मंग. दोघींचं हाय," असं म्हणून त्यानं शेला आत दिला.

पाळीवरून उतरताना पायऱ्या तिला नीट दिसेनात. कमळानं हात पुढं केला, डावा.

"उजवा दे. देवाच्या दारातून येऊन राह्यलो."

"उजव्यात पूजेचं ताट हाय, बाई."

गुणाबाईनं तोच धरला. "उद्यापासून पुढच्या ओसरीवर बसत जा. उजेड हाय तिथी. अन् पाचवा तंतू ढिला सोडतेस तू, मले लागला बोटाले. सांगीन."

खाली बाया कमळाभोवती जमल्या. "कमळे, काय सूत व! पाणीच!" एकीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. कमळा लाजून हसत होती. एकोणीस वर्षं या बाया गुणाबाईभोवती अशाच जमत आल्या होत्या. तिचं ते जुनं जळणं पुन्हा उठलं. साखर उतरली तरी हे काही उतरायचं नाही, हे तिला कळून चुकलं. ती बाजूला पाळीच्या दगडावर बसली आणि त्या घोळक्याकडं बघू लागली. डोळ्यातला केस हळूच वरून आला, बायांच्या डोक्यांवरून सरकत कमळाच्या हसऱ्या तोंडावर बरोबर आडवा येऊन थांबला, आणि गुणाबाईला जरा बरं वाटलं.